कपाळावरचा ठिपका

बुद्धाचं वुडकट, म्हणजे लाकडी फळीवर कोरून कागदावर छापलेलं चित्र, समोर आलं की माझी नजर आधी कपाळावर जाते. कमळ, तेजोवलय, हातांच्या मुद्रा सगळं नंतर. भुवयांमधली ऊर्णा, म्हणजे बुद्धाच्या कपाळावरची ठिपक्यासारखी खूण, नीट उठलीय का, ते आधी बघायचं. खोड आहे, जात नाही.

चेहरा काळा असेल तर ऊर्णा म्हणजे गोल पटाशीची एक गिरकी; कोरलेलं तेवढं कागदावर पांढरं राहतं. पण शाई जरा जास्त लागली की खळगी भरते आणि ऊर्णा गायब! चेहरा पांढरा असेल तर आजूबाजूचं सगळं लाकूड काढून मधे तिळाएवढं बेट उभं ठेवायचं. त्याच्या बुडाशी पटाशी आत शिरली तर छापताना ते तुटतं. शिवाय ते एकटं पडल्यामुळे बारेनचा (कागद मागून घासायच्या गोल चकतीचा) दाब सगळा त्याच्यावरच येतो, शाई कडेला सरकते आणि ठिपक्याऐवजी कडं उमटतं.

डाव्या-उजव्याचं लफडं वेगळंच. अभयमुद्रा उजव्या हाताची. फळीवर सरळ काढून कोरलं तर कागदावर बुद्ध डावखुरा. म्हणून पातळ कागदावरचं रेखाटन फळीवर पालथं चिकटवतात आणि कागदासकट कोरतात. रेखाटन त्यातच संपतं.

जपानी वुडकटकार शिको मुनाकाता (1903–1975) हा आओमोरीच्या लोहाराचा मुलगा. नजर इतकी अधू, की नाक फळीला टेकेपर्यंत वाकून कोरायचा. कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, चित्रांना त्यानं रंग दिले ते कागदाच्या मागून. काजळी आणि सरसाची शाई एकदा वाळली की मागच्या ओल्या रंगानं फुटत नाही; रंग कागदातून झिरपून पुढे येतो, काळी रेघ मात्र जागेवर. कागदाला तुरटी-सरस जास्त लागला असेल तर रंग पुढे येतच नाही, अजिबात नसेल तर रेघ ओलांडून पसरतो. करुणा पाठीमागून यावी, हे मला कुठल्याही कमळापेक्षा जास्त बौद्ध वाटतं.

त्याचा 1939 चा संच मात्र निव्वळ काळा-पांढरा: बुद्धाचे दहा शिष्य आणि दोन बोधिसत्त्व. या दोघांची नेहमीची वाहनंही नाहीत: मंजुश्रीला सिंह नाही, समंतभद्राला हत्ती नाही. जवळजवळ मीटरभर उंच, अरुंद फळ्या, आणि प्रत्येक जण त्यात डोक्यापासून पायापर्यंत कोंबलेला. सारिपुत्त, मोग्गलान, आनंद, बुद्धाचा मुलगा राहुल, न्हाव्याचा उपाली, सगळे एकाच मापात. जागा नाही म्हणून मान वाकते, आणि ती वाकलेली मान नम्रतेची वाटते. मुद्दाम केलंय की फळी अरुंद होती म्हणून झालंय, कोण सांगणार!

1955 साली साओ पावलोत आणि 1956 साली व्हेनिसमध्ये मुनाकाताला मोठी पारितोषिकं मिळाली. त्याआधी युद्ध होऊन गेलं होतं. टोकियोवरच्या बॉम्बहल्ल्यांत दोन्ही बोधिसत्त्वांच्या फळ्या गेल्या, माणसांच्या वाचल्या. 1948 मध्ये त्यानं बोधिसत्त्व पुन्हा कोरले. त्यामुळे नंतरच्या प्रतींमध्ये शिष्य वयानं मोठे आहेत.