एज लागली की मिळाली?

दुपारी जेवण झाल्यावर जरा लवंडावं म्हटलं, तर शेजारचा इंजिनीअरिंगवाला लॅपटॉप घेऊन हजर. नोकरीचा अर्ज लिहीत होता. "काका, ‘गेन ॲन एज’ बरं वाटतं की ‘गेट द अपर हँड’? की सरळ ‘ॲडव्हान्टेज’ टाकू?"

एज म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. चेंडू बॅटची कड घेऊन मागे कीपरच्या हातात, आवाज टिपणाऱ्या अल्ट्राएजवर तो एवढासा उंचवटा, आणि आपला माणूस ग्लोव्ह्ज काढत पॅव्हेलियनकडे. कंपन्यांना हवी असते ती पात्याची धार, हे कळतं; पण वळत नाही.

अपर हँड म्हणजे तर थेट पंजा लढवणं. साहेबाला वाटायचं, हा आल्या आल्या आमचाच हात पिरगाळणार.

ॲडव्हान्टेज मला आवडतो तो टेनिसमुळे. ड्यूसनंतर, म्हणजे ४०-४० बरोबरीनंतर, एक गुण मिळाला की ॲडव्हान्टेज, पुढचाच गेला की पुन्हा ड्यूस. हुरळून जायला वेळच नाही. विम्बल्डनच्या पाचव्या सेटला पूर्वी टायब्रेक नसायचा, दोन गेमची आघाडी घ्यावीच लागे. त्यापायी २०१० साली इस्नर आणि माहू तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले. शेवटचा सेट ७०-६८! "हाच टाक," मी म्हटलं, "फक्त ‘टेक ॲडव्हान्टेज ऑफ’च्या पुढे माणूस येऊ देऊ नकोस. संधी चालेल."

"आणि लेव्हरेज?"

लेव्हरेज म्हणजे पहार आणि टेकू, असं शाळेत शिकलो. पण मला दिसतो तो आमच्या आळीतला बॅटवाला. मातीत रेघा ओढून खाली आकडे लिहायचे, वर बॅट आडवी टाकून ते झाकायचे, मग ज्याने त्याने आपली रेघ निवडायची. कुणाचा तरी पहिला नंबर यायचाच, पण पहिली बॅटिंग कायम बॅटवाल्याची. त्रिफळा उडाला तर "ट्राय बॉल होता!" फारच गलका झाला की बॅट काखोटीला मारून तो घराकडे वळायचा, आणि आम्हीच सगळे मागे पळत जाऊन "बरं बाबा, नॉट आऊट" म्हणायचो. संध्याकाळी त्याच्या माघारी त्याला जे म्हणायचो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.