वर्गात मराठी कशाला?

"मॅडम, पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, मग वर्गात मराठी कशाला?" बी.एस्सी.चे प्रवेश सुरू झाले की पालक हे हमखास विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत. तिथे रांगेत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावात भौतिकशास्त्र शिकवते. माझी दहावी मराठीतून झाली, पुढचं सगळं इंग्रजीतून. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत वर्गात मी मराठीचा एक शब्द काढला नाही. आदल्या रात्री तासाची वाक्यं लिहून काढायची आणि मोठ्याने म्हणून बघायची. तास सुरळीत व्हायचे. कुणी काही विचारायचं नाही, म्हणजे सगळ्यांना कळतंय, असं मला वाटायचं.

एकदा फळ्यावर कप्पी काढली आणि म्हटलं, "लेट द स्ट्रिंग बी मासलेस." एका मुलाने हात वर केला. "मॅम, व्हाय मासलेस?" मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू, जरा मोठ्याने. तो खाली बसला. माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. विषय मला येत होता, पण इंग्रजीत मी तो एकाच तऱ्हेने सांगू शकत होते, जशी तयारी केली तशी. शिकवताना एक तऱ्हा फसली की दुसरी काढावी लागते, तीही फसली की तिसरी. त्या मला आयत्या वेळी फक्त मराठीतच सुचतात.

दुपारी प्रॅक्टिकलला तोच मुलगा माझ्या टेबलापाशी आला. "मॅडम, वजन नसलेला दोर असतो कुठे?" 'लेट' म्हणजे इथे 'समजा', हेच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी त्याला विहिरीवर नेलं, म्हणजे बोलण्यातून. भरलेली बादली दहा-बारा किलोची, दोर किलोभराचा. मग हिशेबात समजा, दोराला वजनच नाही. तो लगेच म्हणाला, "पण आमची विहीर साठ फूट खोल आहे. दोर भिजला की त्याचाच भार हाताला लागतो. मग वरच्या टोकाला ताण जास्त असणार ना?"

बरोबर होतं त्याचं. हे गृहीतक कुठे चालत नाही, ते त्याने स्वतः शोधलं होतं. सकाळच्या तासाला हाच मुलगा दोन शब्दांवर थांबला होता. त्या दिवसापासून मी वर्गात मराठी बोलते.

पारिभाषिक शब्दांची धास्ती पालकांना फार असते. पण टेन्शन, फ्रिक्शन, मोमेंटम हे शब्द मुलं आठवड्यात उचलतात. ती अडतात ती हेन्स, प्रोव्हायडेड, विथ रिस्पेक्ट टू अशा बारक्या शब्दांपाशी, आणि सगळ्यात जास्त 'ऑफ'पाशी. 'रेट ऑफ चेंज ऑफ मोमेंटम ऑफ अ बॉडी' हे आपल्याला सरळ वाचून कळत नाही, कारण मराठीत हीच साखळी उलट्या टोकाने येते: वस्तूच्या संवेगाच्या बदलाचा दर. 'ऑफ' दिसला की शेवटाकडून वाचायला लागा, एवढं सांगितलं की अर्ध्या वर्गाचे चेहरे मोकळे होतात. हे सांगायला शिकवणाऱ्याला दोन्ही भाषांची वळणं ठाऊक हवीत.

कधी कधी तर मराठी उजवी ठरते. डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने कितीही चाललं, तरी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 'वर्क' शून्य. ज्या मुली रोज पाणी आणतात, त्यांना हे पटत नाही, आणि का पटावं? इंग्रजीत रोजचं वर्क आणि भौतिकशास्त्रातलं वर्क एकाच शब्दात कोंबलेलं आहे. आपल्याकडे काम वेगळं आणि कार्य वेगळं. हंडा वाहिला, काम झालं, कार्य झालं नाही. एवढ्यावर त्या मान डोलावतात.

म्हणून इंग्रजी सोडा, असं मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईने, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या परिषदेने, मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण आमच्या मुलांना एम.एस्सी.साठी आयआयटीत जायचं असेल, तर जॅम या प्रवेशपरीक्षेचा पेपर इंग्रजीतच असतो. पुढची पुस्तकं, शोधनिबंध, सगळं इंग्रजीत. तिथे त्यांना मी उघड्यावर सोडणार नाही. त्यामुळे कल्पना मराठीत नीट बसली की इंग्रजी वाक्य मी देत नाही, मुलांनाच रचायला लावते. दोघं-तिघं फळ्यावर येऊन लिहितात. पहिल्या सत्रात ती वाक्यं मोडकी असतात. मी पुसत नाही, ज्याचं वाक्य त्यालाच शेजारी नीट करून लिहायला सांगते.

यात वेळ जातो. दर वर्षी शेवटचे एक-दोन धडे शनिवारच्या जादा तासांवर जातात. तुमची मुलगी शनिवारी उशिरा घरी आली, तर ती त्या तासाला बसलेली असेल.