खारं पाणी कुठे संपतं ते शोधायला गेलो आणि ओंडक्याशी अडकलो

मी रत्नागिरीचा, खाडीकाठचा, त्यामुळे भरती-ओहोटी आपल्याला कोणी शिकवू नये असा एक माज होता. तो जानेवारी 2019 मध्ये ग्रेट निकोबारच्या गॅलाथिया नदीत उतरला.

ग्रेट निकोबार म्हणजे आपल्या देशाचं सगळ्यात दक्षिणेचं बेट, टोकाला इंदिरा पॉइंट. तिथून सुमात्रा पोर्ट ब्लेअरपेक्षा कितीतरी जवळ. मध्ये डोंगर, सगळ्यात उंच माउंट थुलियर 642 मीटर, आणि त्या डोंगरांतून गॅलाथिया दक्षिणेला येऊन त्याच नावाच्या उपसागरात पडते. नाव डॅनिश जहाजाचं, 1846 ला ते इथे येऊन गेलं. आणि इंदिरा पॉइंटचं जुनं नाव पिग्मॅलियन पॉइंट, म्हणजे ग्रीक कथेतला शिल्पकार आणि त्याची मूर्ती असे दोघं शेजारी शेजारी, हे मला कोणीतरी सांगितलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

आमची टीम कासवांची. उपसागराच्या वाळूत लेदरबॅक येतात, जगातलं सगळ्यात मोठं कासव, पाठीला कवचाऐवजी जाड चामडं. त्यांची अंडी घालायची वेळ साधारण नोव्हेंबर ते मार्च. नदीचं मुख त्याच वाळूत उघडतं आणि मुख सरकलं की वाळू सरकते, वाळू सरकली की घरटी जातात, म्हणून सरांना नदीचीही माहिती हवी होती. (नंतर 2021 मध्ये या उपसागराचा अभयारण्याचा दर्जा काढला आणि 2022 मध्ये तिथल्या मोठ्या बंदराला पर्यावरण मंजुरी मिळाली, त्यावर माझं मत आहे पण ते काढलं तर आजची गोष्ट राहून जाईल.)

माझं काम साधं होतं. मुखापासून वर जात जात ठरलेल्या जागी थांबायचं, पाण्याचा खारेपणा मोजायचा, एकदा वरच्या थराचा आणि एकदा तळाचा, आणि भरतीचं खारं पाणी कुठपर्यंत चढतं ते नकाशावर टाकायचं. नकाशा म्हणजे जुना टोपोशीट, सरकारी सर्वेक्षणाचा. म्हणजे 26 डिसेंबर 2004 च्या आधीचा. इथेच खरं तर मला कळायला हवं होतं. त्या भूकंपात नुसती लाट आली नाही, बेटच खाली बसलं. इंदिरा पॉइंटचा दीपगृहाचा भाग जवळजवळ सव्वाचार मीटर खचला, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. हे सगळं मला पाठ होतं, कोणी विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं, पण म्हणून नदीसुद्धा तेवढीच खाली गेली असणार, हे डोक्यात आलंच नाही.

डोंगीवाले अंकल कॅरेन समाजाचे होते, मूळचे ब्रह्मदेशातले हे लोक, अंकल मधल्या अंदमानातले, बोलणं अंदमानी हिंदीत आणि तेही मोजून. निघताना कॅम्पबेल बेच्या, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावातल्या, आजींनी दिलेला डबा घेतला होता. आजींचं कुटुंब माजी सैनिकांच्या वसाहतीतलं, साताऱ्याकडून सत्तरच्या दशकात आलेलं, आणि त्या मला बघितलं की आधी "जेवलास का" विचारायच्या, मग बाकीचं. त्या म्हणाल्या होत्या, नदीच्या तोंडाशी डाव्या हाताला माडांची एक रांग होती, आम्ही सहलीला जायचो तेव्हा तिथे बसायचो, दिसली तर सांग.

अमावस्या होऊन दोन दिवस झालेले, उधाण होतं. भरती साडेदहाच्या सुमाराला पुरी होणार, म्हणून सातला निघालो, म्हणजे पाण्याबरोबर वर जायचं आणि पाण्याबरोबर खाली यायचं. मुखाशी डोंगी जरा नाचली, आत शिरलो की एकदम शांत. पाणी कोऱ्या चहासारखं. दोन्ही बाजूला निपा, म्हणजे खाडीकाठचे बुटके ताड, आणि त्यांच्या मागे उभी वाळलेली झाडं. पानं नाहीत, साल नाही, राखाडी बुंधे, कितीतरी. बुंध्यांच्या पायाशी पाणी. मी डाव्या हाताला माडांची रांग शोधत होतो. नव्हती.

पहिल्या दोन जागा झाल्या. मीटरला वरचं पाणी जवळजवळ गोडं आणि दोरीला बाटली बांधून तळाचं काढलं तर थेट समुद्र. गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं जड म्हणून तळाने सरपटत आत येतं, हे पुस्तकात वाचलेलं, पण एकाच जागेवर एक बाटली प्यायच्या लायकीची आणि दुसरी मिठाची हे हातात धरून बघायला वेगळीच मजा आहे. अंकलना चाखायला दिलं. ते म्हणाले, "मालूम है."

तिसऱ्या-चौथ्या जागी एक मोठं झाड नदीत आडवं पडलेलं होतं, पण वर पाणी भरपूर, आम्ही आरामात त्याच्यावरून गेलो. अंकलनी मागे वळून ते झाड नीट बघून घेतलं. मी नाही.

टोपोशीटप्रमाणे भरतीची हद्द जिथे असायला हवी होती तिथे पोचलो, बाटली टाकली, खारं. पुढे गेलो, खारं. अंकल म्हणाले, "जहाँ तक सूखा पेड़, वहाँ तक खारा. इतना ही है." एवढं म्हणून त्यांनी बिडी काढली, म्हणजे माझा दिवसाचा निष्कर्ष झाला होता, परत चला. मला ते जरा लागलं. म्हटलं अजून एक पॉइंट. वळणापुढे गेलो, दोन्ही काठांवर आता हिरवी झाडं, एकही वाळलेलं नाही, केवडा माजलेला (तिथला केवडा वेगळा, त्याची मोठी फळं निकोबारी आणि जंगलात राहणारे शोंपेन, दोन्ही आदिवासींचं खाणं आहे). बाटली टाकली. तळाला अजून खारं. अंकलनी बिडी तोंडातून काढून मीटर बघितला आणि पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं, "ये नीचे नीचे से आया?" हो म्हटलं. काठावरची झाडं वरच्या पाण्यावर जगतात, त्यांना तळाची खबर नाही. तेव्हा आमचं दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर निघालं होतं आणि मी इतका खूश की अजून एक पॉइंट, मग अजून एक. शेवटी एका जागी तळालाही गोडं लागलं. तिथेच मागे वळलो, शोंपेनांच्या जंगलात आणखी आत जायचं नाही असं पासवरही होतं आणि सरांनीही बजावलेलं.

दीड वाजला होता.

आडव्या झाडाशी आलो तर झाड पाण्याच्या हातभर वर. पुरा बुंधा, या काठापासून त्या काठापर्यंत. रत्नागिरीपेक्षा इथे भरती-ओहोटीतला फरक कमी, हे मला सकाळी फार सोयीचं वाटलं होतं, पण ओंडक्याने वाट अडवायला हातभरसुद्धा पुरतं. डोंगी लाकडी, इंजिनसकट आम्हा दोघांना उचलता येणारी नव्हती. मी पँट गुडघ्यावर घेऊन उतरायला निघालो, अंकलनी माझ्या शर्टाची कॉलर धरली. नुसतं बोट दाखवलं. समोरच्या चिखलाच्या उतारावर एक ताजी घसरण होती, रुंद, मधोमध शेपटीची रेघ. मी पाय आत घेतले. नंतर दहा-पंधरा मिनिटांनी ती मगर ओंडक्याच्या खालच्या बाजूला वर आली, फक्त डोळे आणि नाकपुड्या, आणि बघत बसली. आम्हीही.

भरती परत चढेपर्यंत सहा-सात तास. वायरलेस तिथून लागत नव्हता. आजींचा डबा उघडला, पोळ्या आणि लसणाची चटणी. अंकलनी चटणी पोळीपेक्षा जास्त खाल्ली.

पाणी उतरत गेलं तशी नदी वेगळीच दिसायला लागली. वाळलेल्या बुंध्यांमध्ये चिखल उघडा पडला आणि त्यात कमरेएवढी, छातीएवढी कांदळाची रोपं, मुळं कमानीसारखी रोवून. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी जे कोरडं जंगल होतं ते खाली बसलं, खाऱ्याने मेलं, आणि त्याच जागेत कांदळवन वर येत होतं. जुनं कांदळवन मात्र खोल पाण्यात बुडून आधीच संपलेलं. मला टोपोशीट काढून बघावंसं वाटलं नाही. वहीत रोपं मोजत बसलो, दुसरं करायला काय होतं. अंकलनी ओंडक्यावर चाकूने पाण्याच्या रेषेशी खूण केली आणि दर अर्ध्या तासाने नवीन खूण, त्यांचं मोजमाप माझ्यापेक्षा नियमित होतं.

तिथे घड्याळ आपलंच पण सूर्य पूर्वेचा, त्यामुळे साडेपाचला अंधार. मग डास. बॅटरी फिरवली की ते दोन डोळे लालसर चमकायचे, कधी डावीकडे, कधी एकदम जवळ, आणि एकदा दिसलेच नाहीत, ती वेळ सगळ्यात वाईट. मी सॉरी म्हणालो, की माझ्यामुळे अडकलो. अंकल म्हणाले, "आप अकेला थोड़ी आया." पुढे काही नाही.

पावणेनऊला ओंडका बुडाला. वर वीतभर पाणी झाल्यावर इंजिन उचलून, काठीने ढकलत पलीकडे आलो, तळ एकदा खरवडला, बस. मगर कुठे होती माहीत नाही.

मुखाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले आणि कॅम्पवरून बॅटरीची उघडझाप, म्हणजे थांबा. वाळूवर लेदरबॅक चढलेली होती, आमच्या उतरायच्या जागेपासून पन्नास पावलांवर. उजेड नको, आवाज नको. मग आतल्या शांत पाण्यात नांगर टाकून परत बसलो, तासाभराहून जास्त. चांदणं नव्हतं, फक्त वाळू मागे फेकल्याचा आवाज, थप, थप, आणि मधूनच एक मोठा उसासा, दमलेल्या माणसासारखा. अंकल बसल्या बसल्या झोपले. मी झोपलो नाही कारण पोटात भूक आणि शिवाय आता मला भरती-ओहोटीवर विश्वास नव्हता.

आठवड्याने कॅम्पबेल बेला गेलो तेव्हा आजींनी दारातच विचारलं, माड दिसले का रे. म्हटलं नाही आजी, तिथे आता पाणी आहे, आणि पाणी पार वरच्या वळणापुढे गेलंय. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डबा आणलास का?"

डबा डोंगीतच राहिला होता.