तुम्ही विचारलंत म्हणून: ते आपले, की बाहेरचे?

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननावर बोलून झाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ते शेतकरी आपलेच, की बाहेरून आलेले?" मी एका शब्दात उत्तर देत नाही, म्हणून टाळते असा समज होतो. टाळत नाही. घोड नदीकाठी इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेल्या त्या गावातला एकेक जिन्नस वेगवेगळ्या वाटेने तिथे पोचला आहे. जव आणि गहू मुळात पश्चिम आशियातले आणि बलुचिस्तानात मेहरगढला कितीतरी आधीपासून पेरले जाणारे, कुळीथ द्वीपकल्पातलाच, तर मडक्यांची माळवा धाटणी नर्मदेकाठच्या नावडातोलीशी नाते सांगणारी. यांतले नेमके कोण 'आले' म्हणायचे?

पूर्वी मी बेधडक सांगत असे की हे लोक माळव्यातून आले. तसेच एकदा त्या भागातल्या एका गावात, शाळेच्या पडवीत सांगितले आणि घराच्या जमिनीखाली पुरलेल्या बाळाचे चित्र दाखवले: दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावलेले, आत इवलीशी हाडे. मागे बसलेल्या एक आजी उठून म्हणाल्या, "आमच्यातबी दात न आलेलं लेकरू जाळत न्हाईत, पुरत्यात. मग ही माणसं परकी कशी?" मी समजुतीच्या सुरात सांगितले की रीत सारखी असली म्हणून माणसे तीच ठरत नाहीत, मध्ये तीन हजार वर्षे गेली आहेत. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुम्ही गाडग्यावरनं माणसं वळखता. म्या रीतीवरनं वळखली तर चालत न्हाई व्हय?" लोक हसले, मीही हसले, आणि पुढचे चित्र लावताना माझा हात थरथरत होता. त्यांचा निष्कर्ष मला आजही मान्य नाही. इनामगावात मोठ्या माणसांना घोट्यापासून पाय तोडून पुरत, ती रीत आजींच्या गावात कोणाच्या घरी आहे? पण त्यांनी दाखवलेली खोट माझ्याच विधानात होती. नक्षी शिकता येते, बियाणे मागून आणता येते, सून दुसऱ्या खोऱ्यातून येते.

युरोपात पहिले शेतकरी अनातोलियातून स्वतः चालत गेले, हे जुन्या हाडांतल्या डीएनएने दाखवले. दख्खनच्या उष्ण मातीत तो टिकणेच अवघड. त्यामुळे माळव्यातून काही कुटुंबे आली असावीत, असे मी अजूनही मानते, आणि त्या 'असावीत'वर ऐकणारे चिडतात. चिडोत. माळवा धाटणीनंतरच्या, जोर्वे मडक्यांवरून नाव पडलेल्या जोर्वे काळाच्या उत्तरार्धात याच लोकांची चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकार वाढली, आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. ते कुठे गेले, हे मात्र मला अजून कोणी विचारलेले नाही.