भाच्याने हप्ते भरले, मग गाडी कुणाची?

लालबागची आमची चाळ २०२३मध्ये पुनर्विकासाला गेली आणि आम्ही भाड्याने कांदिवलीत राहायला गेलो. तिथे पार्किंग नाही. माझी गाडी जेमतेम दोन वर्षांची, आणि चेंबूरच्या भाच्याला त्याच सुमारास गाडी हवी होती. ताईसमोर ठरलं: गाडी त्याने न्यायची, पुढचे हप्ते त्याने भरायचे, कर्ज फिटलं की नावावर करून घ्यायची. घरातलाच मुलगा, लिहून काय घ्यायचं? असे व्यवहार मुंबईत घरोघरी चालतात आणि बरेचसे निभावूनही जातात. आमचा अडीच वर्षांनी अडला.

हप्ता ११,०८६ रुपये. बँक तो ५ तारखेला नॅचने, म्हणजे आपोआप कापून घ्यायच्या सोयीने, माझ्या खात्यातून ओढायची. भाच्याचा पगार ७ला, त्यामुळे त्याचं जीपे ८-९ तारखेला. माझ्या खात्यात शिल्लक असली की भागायचं, नसली की बाउन्स. मग दोन्ही बँकांचे चार्जेस आणि त्यावर जीएसटी. ई-चलान माझ्या मोबाइलवर. मी ऑफिसात जेवतोय आणि ईस्टर्न फ्रीवेवर वेगमर्यादा मोडल्याचा मेसेज येतोय. फास्टॅगही माझ्याच खात्याला जोडलेला, त्यामुळे साहेब लोणावळ्याला निघालेत हे ताईच्या आधी मला कळायचं.

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. मग नव्या इमारतीत थोडी जास्तीची जागा विकत घ्यायची म्हणून मी गृहकर्जाला अर्ज केला. बँकेने सिबिल, म्हणजे माझ्या कर्जफेडीचा अहवाल, काढला. गाडीचा हप्ता माझाच म्हणून धरला, तेवढी माझी कर्जाची पात्रता कमी केली, वर उशिराच्या हप्त्यांबद्दल खुलासा मागितला. ‘हप्ता भाचा भरतो’ हा खुलासा तिथे चालत नाही.

मी भाच्याला म्हटलं, कर्ज बंद कर आणि गाडी नावावर घे, नाहीतर गाडी परत दे. तो उसळला. “मामा, मी तीन लाख तेहतीस हजार भरलेत. गाडी माझीच आहे. परत दे काय म्हणतोस?” माझं म्हणणं, दोन लाख डाउन पेमेंट माझं, पहिल्या दोन वर्षांचे हप्ते माझे, त्याचं काय? ताई मध्ये पडली आणि आम्हा दोघांवरही रागावली.

कर्जाच्या बँकेत जाऊन विचारलं, कर्जच भाच्याच्या नावावर करता येईल का? काही वित्तसंस्था नव्या माणसाचं उत्पन्न तपासून तसं करतात. आमची करत नव्हती. अधिकारी सभ्यपणे म्हणाले, “तुमच्या घरात काय ठरलं त्याच्याशी आमचा संबंध नाही. करार तुमच्याशी आहे.” कायद्यानेही तसंच आहे. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ६२प्रमाणे जुन्याच्या जागी नवा करार आणायचा तर त्यात बँकेचीही संमती लागते. शिवाय आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, त्यामुळे बँकेच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) गाडी नावावर होणार नाही.

ओळखीच्या वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं, त्याने माझी झोप उडाली. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली, तरी भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीतला मालक तोच मालक. म्हणजे भाच्याच्या हातून कुणाला काही झालं, तर दाव्याची नोटीस मला.

खरा गुंता पैशांचा होता, आणि तो सोडवला भावोजींनी. ते आयुष्यभर हिशेब खात्यात. त्यांनी बँकेकडून कर्जाचं पूर्ण शेड्यूल मागवलं आणि गाडी दिली त्या तारखेवर लाल रेघ मारली. “डाउन पेमेंट किती, हप्ते किती, ते विसरा. त्या दिवशी बाजारात गाडीचे किती आले असते आणि कर्ज किती बाकी होतं, एवढंच सांगा.” गाडीचे तेव्हा साडेसहा लाख आले असते. बाकी ५ लाख ४० हजार. फरक १ लाख १० हजार, तो माझा. रेघेच्या पुढचं सगळं भाच्याचं: भरलेले ३ लाख ३३ हजार, त्यातलं ९१ हजार व्याज, टायर, बॅटरी, विमा आणि गाडीची उतरलेली किंमतही. गाडी त्याने वापरली, तर घसाराही त्याचाच. भाचा दहा मिनिटं कॅल्क्युलेटरशी झटला आणि गप्प झाला. माझ्या मनातला आकडा बराच मोठा होता, पण मलाही बोलायला जागा उरली नाही.

बाकी कर्ज सुमारे २ लाख ९९ हजार. भाच्याने ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं. आमचं कर्ज स्थिर व्याजदराचं, त्यामुळे फोरक्लोजर चार्जेस, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडल्याचा आकार, लागले, ते निम्मे-निम्मे. हे सगळं ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांनी सह्या केल्या. बँकेला त्या कागदाचं काही नाही, पण आमच्यातला वाद मिटला.

बँकेने एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ दिला. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती आधी वाचावी. नॅचचा मँडेट, म्हणजे खात्यातून कापायची परवानगी, रद्द झाल्याची खात्री मी वेगळी करून घेतली. मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. एजंट म्हणाला, चलानं भरल्याशिवाय फाइल हलणार नाही, तेव्हा भाच्याने ती मुकाट्याने भरली. फॉर्मवर चॅसिस नंबरचा छाप लागतो. भर उन्हात सोसायटीच्या आवारात नंबरावर चिकटपट्टी लावून भाचा पेन्सिल घासत होता आणि मी मोबाइलचा टॉर्च धरून उभा होतो. दर वेळी एक आकडा पुसट यायचा. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं एकत्र हसलो ते तिथेच.

मालकी बदलल्याची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. विम्याचंही नाव १४ दिवसांत बदलायला अर्ज करायचा, कारण थर्ड पार्टी संरक्षण, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, गाडीबरोबर जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा पॉलिसी जुन्या नावावर असेल तर अडकतो. इथे शेवटची ठिणगी पडली. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. प्रीमियम भाच्याने भरला होता, बोनस मात्र माझ्या नावावर साठला, आणि तेवढा फरक त्याला भरावा लागला. “हे म्हणजे जरा जास्तच झालं, मामा,” तो म्हणाला. पुढच्या गाडीसाठी बोनसचं पत्र मी घेऊन ठेवलंय. गाडी कधी घेईन माहीत नाही.

सिबिलमध्ये ते कर्ज आता बंद दिसतं, उशिराच्या नोंदी मात्र आहेत तशाच. गृहकर्ज मंजूर झालं, मागितलं होतं त्यापेक्षा थोडं कमी. फास्टॅग बंद करायचा तेवढा राहिला होता. खालापूरच्या टोलचा मेसेज आला, त्याच दिवशी तोही करून टाकला.