भारी गोळी

औषधाचा भाव त्याच्या नावाच्या लांबीवर ठरतो, हे मला ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर कळलं. चालून झालं की तिथे गोळ्यांचे डबे निघतात आणि जो तो दुसऱ्याच्या खणात डोकावतो. शेजारचे अप्पा अँजिओप्लास्टीवाले. त्यांच्याकडे साधी मेटोप्रोलॉल. आमच्या काकांकडे हृदयाचे बिघडलेले ठोके सरळ करणारी अमिओडेरोन. "तुमचं औषध जरा वरच्या लेव्हलचं दिसतंय," अप्पा हेव्यानेच म्हणाले, आणि काका सुखावले.

ठोके सरळ करणाऱ्या औषधांचा हा रुबाब एकेकाळी डॉक्टरांवरही होता. हार्ट अटॅकनंतर मध्येच उसळणारे जादा ठोके धोक्याचे, मग ते दाबले की माणूस वाचणार. हिशेब अगदी चोख. अमेरिकेत 'कास्ट' चाचणीत तो तपासला गेला. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने ठोके खरंच आटोक्यात येत होते. फक्त माणसं जास्त दगावली! १९९१च्या अहवालात औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ गेले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी छान आणि पेशंट नाही, याला काय म्हणायचं?

अप्पांच्या गोळीचं घराणं मात्र बीटा ब्लॉकरचं, म्हणजे हृदयाची धावपळ कमी करणाऱ्या औषधांचं. जादा ठोके पुसून काढण्यात ते काही फार वाकबगार नाही. तरी १९८१मध्ये नॉर्वेत टिमोलॉलने अटॅकनंतरचे मृत्यू कमी केले, पाठोपाठ अमेरिकेत प्रोप्रॅनोलॉलनेही. ते शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८चं नोबेल मिळालं. कट्ट्यावर त्या घराण्याला अजून कुणी विचारत नाही.

काकांची गोळी वाईट, असं मुळीच नाही. कुणाला कुठली द्यायची ते डॉक्टरच ठरवणार. ठोक्यांनी एकदा जीव टांगणीला लावला असेल, तर तिचा मोठा आधार होऊ शकतो. पण अटॅकनंतर जास्त धोका असलेल्यांना देऊन पाहिली तेव्हा ठोक्यांमुळे होणारे मृत्यू कमी झाले, एकूण मृत्यूंत मात्र ठळक फरक पडला नाही. शिवाय २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन. त्यामुळे थायरॉइड बिघडू शकतो, लिव्हर आणि फुप्फुसांकडेही लक्ष ठेवावं लागतं. ऊन सोसत नाही. बंद केली तरी नौपाड्यातल्या पागडीच्या भाडेकरूसारखी महिनोन्महिने अंगातून हलत नाही.

थायरॉइडची रक्ततपासणी, ती टीएसएच, शेवटची कधी केली, ते काकांना सांगता येईना. काकूंना तारखेसकट पाठ होतं.