अठरा बरोबऱ्यांचं दुःख

इंग्लंडात फुटबॉलचं मैदान बघायचं म्हणजे आधी बुकिंग, मग रांग, मग कानाला लावायचं यंत्र आणि सगळ्यात शेवटी दुकान. एका बड्या क्लबच्या मैदानात (नाव घेत नाही, चाहते अंगावर येतील) आम्हाला चषकांच्या कपाटांसमोरून असं हाकललं की कुठला कुठल्या सालचा हे वाचायलाही सवड मिळाली नाही. खेळाडूंच्या खोलीत एकेका जर्सीपुढे फोटोसाठी रांग. तिकिटाचे पाउंड मी रुपयांत मोजले आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. लंडनही पाहिलं. सगळे पाहतात तेच पाहिलं, त्यामुळे ते सोडून देतो.

नॉटिंगहॅमला गेलो ते भाचीसाठी. ती तिथल्या विद्यापीठात शिकते आणि फुटबॉलशी तिचा काडीचा संबंध नाही. स्टेशनवर भेटल्या भेटल्या तिनं बेत सांगितला, "मामा, आधी किल्ला बघू. रॉबिन हूडवाला."

"किल्ला कुठं पळत नाही. आधी मैदान."

"कुठलं? इथे तीन आहेत."

खरंच तीन आहेत, तेही हाकेच्या अंतरावर. स्टेशनवरून लंडन रोडनं नदीकडे चालत निघालं की अलीकडच्या काठावर नॉट्स काउंटीचं मेडो लेन. हा १८६२ सालचा क्लब, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जाणारा. ट्रेंट नदीचा पूल ओलांडला की क्रिकेटचं ट्रेंट ब्रिज, आणि त्याच्या शेजारी नदीला लागून नॉटिंगहॅम फॉरेस्टचं सिटी ग्राउंड. दाजींनी कोल्हापुरातून फक्त ट्रेंट ब्रिजचा फोटो मागितला होता, कारण २००७ च्या कसोटीत श्रीरामपूरच्या झहीर खाननं तिथे नऊ बळी घेतले होते. तो फोटो फाटकाबाहेरून काढून पाठवला आणि मोकळा झालो.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर दोन तालमींचे संघ भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा एकमेकांसमोर उभ्या राहतात. इथे दोन संघांच्या मधे आख्खी नदी घातली आहे. पोलिसांच्या दृष्टीनं ही व्यवस्था मला फारच सोयीची वाटली. या दोन क्लबांनी जगाला रंगही पुरवले आहेत. आर्सेनलला पहिल्या लाल जर्सी १८८६ मध्ये फॉरेस्टनं दिल्या, आणि युव्हेंटसचे काळे-पांढरे पट्टे १९०३ मध्ये नॉट्स काउंटीकडून गेले.

फॉरेस्ट १८९८ मध्ये नदीच्या या बाजूला आला. नॉटिंगहॅमला शहराचा दर्जा आदल्याच वर्षी मिळाला होता, म्हणून मैदानाचं नाव सिटी ग्राउंड. प्रत्यक्षात ते शहराच्या हद्दीबाहेर, वेस्ट ब्रिजफर्डमध्ये येतं. मला जास्त आवडलं ते ब्रिजफर्ड स्टँडचं छप्पर. त्याचा एक भाग बाकीच्यापेक्षा खाली उतरवलेला आहे, कारण मागच्या कॉल्विक रोडवरच्या घरांचं ऊन अडू नये. दोनदा युरोप जिंकलेल्या क्लबनं शेजाऱ्यांच्या उन्हासाठी छप्पर कापलं! आमच्या सोसायटीपुढच्या बिल्डरला मी याचा फोटो पाठवणार आहे.

त्या दिवशी सामना नव्हता, त्यामुळे गर्दी नाही, रांग नाही, कानाला यंत्र नाही. नदीकाठच्या कठड्याला टेकून मी भाचीला हातवारे करून मराठीत सांगत होतो की हा क्लब जगावेगळा आहे. इंग्लंडची लीग एकदाच जिंकली, पण युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, दोनदा. घरच्या लीगपेक्षा युरोपियन कप जास्त असलेला दुसरा क्लब नाही. शेजारच्या बाकावर कुत्र्याला घेऊन एक आजोबा बसले होते. मराठीतून त्यांना 'क्लफ' हे फॉरेस्टच्या जुन्या मॅनेजरचं नाव आणि 'युरोपियन कप' एवढंच कळलं असणार. तेवढं पुरलं.

"एक लीग, दोन कप, हेच ना?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं प्रत्येक क्विझमध्ये हाच प्रश्न. लोक हसतात. यात हसण्यासारखं काय आहे?"

आम्ही बसलो. कुत्र्यानं भाचीच्या बुटांवर डोकं ठेवलं, त्यामुळे उठायचा प्रश्नच मिटला. आजोबांनी रॅलेच्या सायकल कारखान्यात उमेदीची वर्षं घालवली होती, आणि बोलताना ते आकडे असे मांडत की जणू पगाराच्या स्लिपवरून वाचून दाखवताहेत.

ब्रायन क्लफ जानेवारी १९७५ मध्ये आला तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात तेराव्या क्रमांकावर होता. पुढच्या वर्षी जोडीदार पीटर टेलर आला. १९७७ मध्ये फॉरेस्ट तिसरा आला आणि वर चढला. वर जाणाऱ्यांत शेवटची जागा तिसऱ्याचीच असे. फॉरेस्टचे ५२ गुण, बोल्टन आणि ब्लॅकपूलचे ५१. "एक गुण," आजोबा बोट वर करून म्हणाले. तेव्हा विजयाला दोन गुण होते आणि बरोबरीला एक. म्हणजे कुठल्या तरी चिखलातल्या एका बरोबरीवर पुढचं सगळं उभं.

आणि पुढचं सगळं म्हणजे काय, तर वर आल्या आल्या पहिल्याच मोसमात, १९७७-७८ मध्ये, लिव्हरपूलला सात गुणांनी मागे टाकून लीग. ४२ सामन्यांत फक्त २४ गोल खाल्ले. वर लीग कपही, तोही लिव्हरपूललाच हरवून. नोव्हेंबर १९७७ पासून डिसेंबर १९७८ पर्यंत लीगचे सलग ४२ सामने कुणी त्यांना हरवू शकलं नाही. हा विक्रम आर्सेनलनं मोडला तो थेट २००४ मध्ये.

"त्या ४२ मध्ये जिंकले किती, माहिती आहे? एकवीस," आजोबा म्हणाले. "उरलेल्या एकवीस बरोबऱ्या."

मग त्यांच्या दुखण्याची जागा आली. १९७८-७९. लीगमध्ये फॉरेस्ट फक्त तीन सामने हरला. लिव्हरपूल चार हरलं. तरी लिव्हरपूल ६८ गुणांनी पहिलं, फॉरेस्ट ६० गुणांनी दुसरा. कारण अठरा बरोबऱ्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. घरच्या मैदानावर कुठल्या कुठल्या फडतूस संघांशी गुण वाटून घेतले ते ते एकेक करून सांगू लागले. मी ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर त्या बड्या क्लबच्या कानातल्या यंत्रापेक्षा ही यादी मला कितीतरी रंगतदार वाटली. चषकांबद्दल कुणीही बोलेल. न मिळालेल्या चषकाचा हिशेब ज्याच्या तोंडपाठ असतो तो खरा त्या क्लबचा माणूस, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

भाचीनं मधेच विचारलं, "दुसरे आले, तर पुढच्या वर्षी युरोपात कसे गेले?"

प्रश्न बरोबर होता. तेव्हा युरोपियन कपमध्ये देशोदेशीचे लीगविजेतेच खेळत, आणि त्यांच्या जोडीला आदल्या वर्षी कप जिंकलेला संघ. १९७९ चा कप फॉरेस्टनं जिंकला होता, म्हणून १९८० मध्ये पुन्हा प्रवेश. पहिल्या वर्षी पहिल्याच फेरीत गाठ पडली ती सलग दोनदा कप जिंकलेल्या लिव्हरपूलशी. इथे २-०, तिकडे ०-०. उपांत्य फेरीत जर्मनीचं कोलोन. त्या सामन्याला आजोबा याच मैदानात होते. चिखल इतका की चेंडू टप्पाच घेईना. कोलोन २-० पुढे, मग फॉरेस्ट ३-२ पुढे, मग राखीव म्हणून उतरलेल्या जपानी ओकुदेरानं ३-३ केले. सगळ्यांनी आशा सोडली. कोलोनला जाऊन इयान बॉयरनं डोक्यानं एक गोल मारला, तेवढा पुरला.

म्युनिकच्या अंतिम सामन्याला ते गेले नाहीत, कारण त्याच आठवड्यात मुलगी झाली होती. "बायकोला अजून ऐकवतो," ते म्हणाले. ३० मे १९७९. डावीकडून फॉरेस्टच्या रॉबर्टसनचा क्रॉस, लांबच्या खांबापाशी ट्रेव्हर फ्रान्सिसचं डोकं, स्वीडनच्या माल्मोवर १-०. फ्रान्सिस हा ब्रिटनमधला पहिला दहा लाख पाउंडांचा खेळाडू. क्लफ सांगायचा की किंमत ९,९९,९९९ होती, पोराच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. पुढच्या वर्षी माद्रिदमध्ये हॅम्बुर्ग, पुन्हा १-०, या वेळी गोल खुद्द रॉबर्टसनचा. त्या अंतिम सामन्याआधी गोलकीपर पीटर शिल्टनला सरावाला धड हिरवळ मिळेना, म्हणून त्यानं रस्त्याच्या मधल्या गोल बागेत सराव केला.

बाकीची चार दशकं आजोबांनी चार वाक्यांत उडवली. १९८४ मध्ये अँडरलेख्टविरुद्ध उपांत्य सामन्याच्या रेफरीला पैसे गेले होते, ते १९९७ मध्ये उघड झालं. १९९३ ला क्लफच्या शेवटच्या वर्षी घसरण. २००५ पासून तीन मोसम तिसऱ्या स्तरावर, युरोपियन कप जिंकलेल्या क्लबांत तिथवर खाली जाणारा पहिला. २०२२ ला तेवीस वर्षांनी पुन्हा वर. आणि मग त्यांची गाडी परत त्या अठरा बरोबऱ्यांवर.

कुत्रा कंटाळून उठला तेव्हा आम्हीही उठलो. परत शहरात आलो, ओल्ड मार्केट स्क्वेअरजवळचा क्लफचा पुतळा पाहिला. स्वेटशर्ट घातलेला, दोन्ही हात डोक्यावर जुळवलेला. फोटोसाठी रांग नव्हती, एक माणूस त्याच्या पायाशी बसून सँडविच खात होता. किल्ला बंद व्हायची वेळ झाली, तो राहिला तो राहिलाच.

ट्राममध्ये भाची गप्प गप्प मोबाइलवर काहीतरी आकडेमोड करत होती. इंग्लंडमध्ये विजयाला तीन गुण सुरू झाले १९८१ पासून, हे तिनं शोधून काढलं होतं. मग तिनं १९७८-७९ ला तोच नियम लावला. लिव्हरपूल ३० विजय, ८ बरोबऱ्या, एकूण ९८. फॉरेस्ट २१ विजय, १८ बरोबऱ्या, एकूण ८१.

"मामा, आठचा फरक सतरा होतो. आजोबांना जाऊन सांगूया?"

"अजिबात नको," मी म्हणालो.